अकरा डिसेंबर आणि सांगलीची एसटी

कोयनानगरात वाढलेल्या माणसाला अकरा डिसेंबर ही तारीख मुद्दाम लक्षात ठेवावी लागत नाही. १९६७ साली ह्याच तारखेला पहाटे, साडेचार वाजायच्या जरा आधी, भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, धरणाच्या भिंतीला तडे गेले, घरं बसली. माझा जन्म त्यानंतर दहा वर्षांनी झाला, तरी लहानपणी कॉलनीत कुठलीही गोष्ट ‘भूकंपाच्या आधीची’ किंवा ‘भूकंपाच्या नंतरची’ असायची. आमची आई रात्री पाण्याने भरलेला हंडा दाराजवळ ठेवू द्यायची नाही. का, तर पळताना पायात येईल.

२०१३ च्या अकरा डिसेंबरला मी पुण्यात ऑफिसात होतो. रिलीज तोंडावर आलेलं, टेस्टिंगवाले डोक्यावर बसलेले. दुपारी फोन वाजला आणि एक मेसेज आला. तीनच शब्द. ‘परत हललं रे.’

मी आधी घाबरलो. घरी फोन लावला तर आई निवांत भाजी निवडत होती, तिला काही हललेलं जाणवलं नव्हतं. मग बातम्या उघडल्या तेव्हा कळलं. सुप्रीम कोर्टाने दिल्ली हायकोर्टाचा २ जुलै २००९ चा निकाल फिरवला होता. म्हणजे समलिंगी संबंध पुन्हा कलम ३७७ खाली गुन्हा. मेसेज पाठवणारा माझा कोयनानगरचा शाळूसोबती. त्याचं नाव इथे लिहीत नाही, मित्र म्हणू.

तर हे त्या मित्राबद्दल आहे, आणि त्याच्यासारख्यांना बसायला चार भिंती कुणी उभ्या करून दिल्या, त्या इतिहासाबद्दलही आहे. हा इतिहास मला मुंबई-पुण्याचा वाटत होता. तो आमच्या पायापाशी होता हे मला फार उशिरा समजलं, आणि मुख्य म्हणजे तेच सांगायचंय.

आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात मित्र दरवर्षी लावणी करायचा. नऊवारी त्याच्या आईची, घुंगरं पाटणवरून आणलेली. दुसरीपासून आठवीपर्यंत. इंजिनियर साहेबांच्या मिसेसपासून हेळवाकच्या दूधवाल्यापर्यंत सगळे शिट्ट्या मारायचे, बक्षीस म्हणून दोन-दोन रुपयांच्या नोटा यायच्या. ह्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, आणि का वाटावं? आमचा मुलूखच तसा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सीतास्वयंवर केलं ते सांगलीत, आणि त्यातली सीता पुरुषच होता. बालगंधर्व जन्मले ते सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्यात, १८८८ साली. पुढे बायका त्यांच्यासारखं पातळ नेसायला लागल्या, म्हणजे बघा. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. त्यांच्या आधीच्या तमाशात तर बाई नसायचीच, नाच्या पोऱ्या असायचा. कृष्णाकाठच्या माणसाने साडीतला पुरुष शंभर-दीडशे वर्षं डोळे भरून पाहिलाय.

(इथे एक सावधगिरीची सूचना. बालगंधर्व स्त्रीपार्टी होते म्हणून ते ‘तसे’ होते, असली फालतू जुळवाजुळव मी करत नाहीये. स्टेजवर काय चालत होतं एवढाच मुद्दा आहे.)

चालत होतं ते स्टेजवर, उतरल्यावर नाही. नववीत मित्राने लावणीचं नाव काढलं तेव्हा त्याच्या वडलांनी घुंगरं नदीत टाकली. आता मिसरूड फुटलंय, आता शोभत नाही, असं म्हणाले. मला आठवतंय, त्या वर्षी त्याच्या जागी आम्ही कसलंसं देशभक्तीपर समूहगीत बसवलं होतं आणि ते भयंकर झालं होतं.

नंतर मी इंजिनियरिंगला सांगलीला गेलो (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे), तिथून पुण्याला कंपनीत. मित्र कराडला एका दुकानात हिशेब लिहायला लागला. २००४ च्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, “आरं तू कंप्युटरवाला हायस. जरा बघ की, आपल्याकडं ह्यासाठी कोण असतं का.” कशासाठी ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोघांनाही समजलं होतं.

त्या शनिवारी मी नेटवर बसलो. मराठीत जवळपास काहीच नव्हतं. इंग्रजीत जे सापडलं त्यातून एक साखळी लागली. आम्हा आयटीवाल्यांना ती ऐकायला बरी वाटेल. १९८६ साली कॅलिफोर्नियात बे एरियामधल्या काही भारतीय मंडळींनी ‘त्रिकोण’ नावाची संस्था काढली, दक्षिण आशियाई समलिंगी लोकांसाठी. १९९० मध्ये मुंबईत अशोक राव कवींनी ‘बॉम्बे दोस्त’ हे मासिक सुरू केलं आणि त्याच धाग्यातून १९९४ साली हमसफर ट्रस्ट उभा राहिला. सांताक्रूझला वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत त्यांना जागा मिळाली. सरकारी इमारतीत, कलम ३७७ जिवंत असताना! आणि पुण्यातले एक सॉफ्टवेअर इंजिनियर, बिंदुमाधव खिरे, नोकरीसाठी अमेरिकेत गेले, तिथे त्यांची त्रिकोणशी गाठ पडली, मग परत आले, हमसफरमध्ये काम केलं आणि २००२ साली पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ काढला. हेल्पलाइन चालवली. २००५ साली ‘पार्टनर’ नावाची मराठी कादंबरी लिहिली. आमच्यापैकी बहुतेक जण ऑनसाइटहून डिजिटल कॅमेरा आणि चॉकलेटं घेऊन येतात. हा माणूस हे घेऊन आला.

मराठीत ह्याच्या आधी कुणी तोंड उघडलं नव्हतं असं नाही. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मध्ये १९२७ पासून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं देत होते, समलिंगी संबंधांबद्दलच्यासुद्धा. १९३४ साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये आलं, रोहिणी हट्टंगडी त्यात होत्या. एका मुलीचं दुसऱ्या मुलीवर प्रेम, हे मराठी रंगभूमीवर इतकं उघड तोवर कुणी मांडलं नव्हतं. पण लेख आणि नाटक ही पुन्हा बघायची-वाचायची गोष्ट झाली. मित्राला फोन उचलणारा माणूस हवा होता.

मी त्याला पुण्याच्या हेल्पलाइनचा नंबर दिला. चार दिवसांनी विचारलं, केलास का फोन? नाही म्हणाला. दुकानातून करता येत नाही, मालक बिल तपासतो. आणि चौकातला एसटीडी बूथवाला वडलांच्या ओळखीचा. काचेची केबिन होती ना, पण काच तुटलेली, सगळं बाहेर ऐकू यायचं. एका हेल्पलाइनचा सगळा उपयोग कराडातल्या एका फुटक्या काचेपाशी येऊन थांबला. मी म्हटलं मग पुण्याला ये. तो म्हणाला बघू.

२००५ च्या मे महिन्यात त्याचं लग्न झालं. मी गेलो होतो. पाटणला, मंगल कार्यालयात. मला सगळं माहीत असताना मी अक्षता टाकल्या, जिलबीच्या पंगतीला बसलो, नवरीबरोबर फोटो काढला. तिचे डोळे पाणावलेले होते, आणि ती हसत होती. ह्या बाबतीत मी काय केलं असं मला कुणी विचारलं तर उत्तर हे आहे: जिलबी खाल्ली.

आता सांगली.

२०१३ च्या उन्हाळ्यात मी क्लायंटकडे न्यू जर्सीत होतो. जूनमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला. अमेरिकन सरकारने २००३ च्या कायद्याने अट घातली होती की एड्सच्या कामासाठी आमचे पैसे हवे असतील तर संस्थेने आधी वेश्याव्यवसायाच्या विरोधात असल्याची लेखी भूमिका घ्यावी. ती अट अमेरिकन संस्थांवर लादता येणार नाही, असा तो निकाल. ह्या विषयावर वाचताना एका लेखात शब्द आला: सांगली. मी दोनदा वाचला. ब्राझीलने २००५ मध्ये ही अट नाकारून चार कोटी डॉलर सोडून दिले होते, आणि त्याच वर्षी तोच मदतनिधी नाकारणाऱ्यांत सांगलीची एक संस्था होती.

संग्राम. पूर्ण नाव संपदा ग्रामीण महिला संस्था, सुरुवात १९९२. मीना सरस्वती सेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगलीच्या गोकुळनगरमध्ये, म्हणजे वेश्यावस्तीत, एचआयव्हीचं काम सुरू केलं. पद्धत साधी होती. बाहेरच्या ताईंनी येऊन भाषण द्यायचं नाही, वस्तीतल्याच बायकांनी वस्तीतल्या बायकांना निरोध वाटायचे आणि समजावायचं. त्यातून १९९६ मध्ये त्या बायकांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, लघुरूप ‘व्हॅम्प’. (हे लघुरूप ज्यांना सुचलं त्यांना माझा सलाम.) आणि त्याच घरातून पुढे ‘मुस्कान’ निघाली: धंदा करणारे पुरुष आणि तृतीयपंथी ह्यांची संघटना. संग्रामचं काम सांगलीपुरतं राहिलं नाही, सातारा, कोल्हापूर करत सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकात गेलं. म्हणजे साताऱ्यातही. आमच्या जिल्ह्यात.

मी चार वर्षं सांगलीत शिकलो. गोकुळनगरच्या बाजूने कितीतरी वेळा गेलो असेन. तिकडे बघायचं नाही, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. होस्टेलवर त्या नावाचा उपयोग शिवी देण्यासाठी व्हायचा. आणि २००४ साली नेटवर शोधताना माझी नजर कॅलिफोर्निया, मुंबई, पुणे अशी फिरली. शोधणाऱ्याची इयत्ता जी असते तेच त्याला सापडतं. दोष गुगलचा नव्हता.

हे घडलं कसं ते जरा समजून घेण्यासारखं आहे. नव्वदच्या दशकात आणि नंतर सरकारी आणि परदेशी पैसा आला तो एड्ससाठी. १९९२ मध्ये नॅको स्थापन झालं, मग ‘लक्ष्यगट’ ठरले. त्यात सेक्स वर्कर बायका आल्या, आणि पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आले. त्यांना सरकारी कागदावर ‘एमएसएम’ म्हणायचे. आम्ही जशी प्रोजेक्टची एस्टिमेट्स काढतो तसंच सगळं: अमुक माणसांमागे एक पिअर एज्युकेटर, इतके निरोध, गुप्तरोगाची तपासणी, आणि एक खोली. तिला म्हणायचं ड्रॉप-इन सेंटर. बजेटमध्ये ह्या खोलीचं काम म्हणजे माहिती देणे आणि तपासणीला पाठवणे. प्रत्यक्षात अशा खोल्यांमध्ये सतरंजी असते, आरसा असतो, टेपरेकॉर्डर असतो. लोक येतात, साडी नेसतात, नाचतात, रडतात, एकमेकांना मावशी-अक्का म्हणतात. कुणाला घरातून हाकललंय, कुणाला पोलिसांनी उचललंय, ते सांगतात. नाचाचं हेड बजेटमध्ये नसतं. पण आपल्याकडच्या पहिल्या-पहिल्या ‘कलामंडळांना’ भाडं भरून दिलं ते रोगाच्या आकडेवारीने.

गोकुळनगरातून तर नाटकही निघालं. व्हॅम्पच्या बायकांनी आणि साथीदारांनी आपल्या आयुष्यावरचं नाटक स्वतःच केलं. आई, घरवाली, तिचा मालक आणि त्याची बायको, असं लांबलचक नाव. ‘व्हय, मी सावित्रीबाई’वाल्या सुषमा देशपांडे त्यात बरोबर होत्या. भाव्यांच्या सांगलीत पुन्हा एकदा नवं नाटक जन्माला आलं म्हणा ना.

ह्या पट्ट्यात आणखी जुनं एक दार होतं, जोगत्याचं. सांगली, कोल्हापूर, बेळगाव भागात यल्लम्माला मुलगे सोडायचे. केसात जट आली, मुलगा बायकी निघाला, की देवीचा कौल. मग हिरवी साडी, परडी, चौंडकं. राजन गवसांनी ‘भंडारभोग’मध्ये हे जग दाखवलं आणि त्यांच्या साहित्यावर बेतलेला ‘जोगवा’ २००९ मध्ये थेटरात आला. राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, उपेंद्र लिमयेंना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा. मला पिक्चर आवडला. पण त्यातला जोगत्या जबरदस्तीने साडीत अडकलेला मर्द आहे, आणि प्रेक्षकाला त्याला पँट-शर्टमध्ये बघून बरं वाटतं. ज्याला ती साडीच हवी होती, आणि देवीच्या नावाशिवाय ती मिळणारच नव्हती, त्याची गोष्ट पिक्चरमध्ये नाही. ह्या दारात शिरलं की जागा मिळायची, पण भीक आणि शोषण त्याच्यासोबत यायचं. मित्राच्या आजीनेही एकदा तसं सुचवलं होतं म्हणे. वडील तयार झाले नाहीत. घुंगरं फेकणाऱ्या त्या माणसाचे ह्या एका बाबतीत आभार मानावेत का, हे मला अजून कळत नाही.

२००५ च्या मे महिन्यातच, म्हणजे मित्राच्या लग्नाच्या महिन्यात, गोकुळनगरवर एका परदेशी ‘सुटका’ संस्थेच्या पुढाकाराने पोलिसांची धाड पडली होती. संग्रामने आडकाठी केल्याचे आरोप पार वॉशिंग्टनपर्यंत गेले. त्या गदारोळात ह्या लोकांनी पैसे सोडले पण आपली भूमिका सोडली नाही. एवढं सगळं पाटणहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर चाललं होतं, आणि मी पाटणात जिलबी खात होतो.

मित्राला हे मी सांगितलं ते त्या ‘परत हललं’च्या मेसेजनंतर, जानेवारी २०१४ मध्ये. आम्ही कोयनानगरला नेहरू उद्यानाच्या कठड्यावर बसलो होतो. तोवर त्याचा घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली होती. मला वाटलं होतं त्याला वाईट वाटेल, की इतकं जवळ होतं आणि माहीत नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मला माहीत होतं की. दुकानात एक पोरगं यायचं, तिकडं काम करायचं, फुकट निरोध वाटायचं. त्यानंच सांगितलेलं. पर गोकुळनगरच्या बोळात मी पाय ठिवला नसता तवा. आमचा बाप हेडक्लार्क हुता.”

ह्यावर मला बोलता आलं नाही. २०११ च्या अकरा डिसेंबरला, रविवारी, समपथिकने पुण्यात पहिली प्राईड काढली, तेव्हा तो कराडहून आला होता. मोर्चात नाही गेला. समोरच्या फूटपाथवरून, मोर्च्याच्या वेगाने, शेवटपर्यंत चालला. मला त्याने तेही आत्ता सांगितलं.

आणि एक राहिलंच. ह्या सगळ्या साखळीत बाई कुठे आहे? एड्सच्या आकडेवारीत बाईवर प्रेम करणारी बाई बसत नव्हती, त्यामुळे तिच्यासाठी खोली नाही, सतरंजी नाही, पिअर एज्युकेटर नाही. मुंबईत १९९५ साली ‘स्त्री संगम’ निघालं, पुढे त्याचं ‘लेबिया’ झालं. ते चाललं मैत्रिणींच्या घरांवर आणि स्वतःच्या पगारावर. आणि जिला काही न सांगता बोहल्यावर उभं केलं, तिच्यासाठी तर कुठल्याच प्रकल्पात रकाना नव्हता. खिऱ्यांनी अशा लग्नांबद्दल वारंवार लिहिलं-बोललंय, तेवढंच. मित्राच्या बायकोशी मी त्या फोटोनंतर एकदाही बोललेलो नाही. ती परत माहेरी गेली, शिवणाचे क्लास घेते, इतकंच ऐकून आहे.

त्यानंतर बरंच झालं. १५ एप्रिल २०१४ चा नाल्सा निकाल आला. २०१७ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर कांबळे ह्या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच केलं. साताऱ्याची हद्द तिथून लांब नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधला तो भाग गेला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये लग्नाचा हक्क मात्र कोर्टाने दिला नाही. मित्र म्हणाला बरं झालं, लग्न एकदा करून बघितलंय.

तो आता मिरजेत राहतो. गेल्या गणपतीत त्याच्या गल्लीतल्या पोरांच्या लावण्या त्याने बसवल्या, मला व्हिडिओ पाठवला. पुढे तीन मुली, आणि मागच्या रांगेत डावीकडे सहावी-सातवीतला एक पोरगा, सगळ्यांपेक्षा ताल पक्का. मी विचारलं हा कोण? तो म्हणाला, “शेजारचा आहे. पुढच्या वर्षी आठवीत जाईल. त्याच्या बापाला मी चहाला बोलावलंय.”